आमच्या रस्त्याला झेपेल ती गाडी

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, दुकानाबाहेर उजेडात नेऊन रंग बघतो, दुकानदाराला चार वेळा "पक्का आहे ना हो?" म्हणून विचारतो. आणि जिच्यात वर्षानुवर्षांची शिल्लक घालायची ती मोटार मात्र शेजाऱ्याच्या दारात उभी दिसली म्हणून घेतो! हा मी कुणाला टोमणा मारत नाही हं. आमच्याही घरात तेच व्हायचं होतं, थोडक्यात टळलं. कसं टळलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी मूलला राहते. चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालं की वाटेत लागतं ते मूल. धानाचा मुलूख, तांदळाच्या गिरण्यांचं गाव. माझी शाळा इथून अठरा किलोमीटरवर आहे. त्यातले निम्मे किलोमीटर तरी दोन्ही बाजूंना जंगल. सागवान, बांबू, मोह, आणि मधूनमधून धानाच्या बांध्या. इतकी वर्षं मी स्कूटीनं जात-येत होते. मागे शाळेतल्या एक बाई बसायच्या, आणि दुसऱ्या बाई आपल्या स्कूटीवर आमच्या बरोबरीनं. तिघी मिळून बोलत बोलत जायचो, म्हणजे भीती वाटत नसे. भीती वाटत नसे, असं आम्ही एकमेकींना सांगायचो, असं म्हणा!

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. शाळेत काही कागदपत्रांचं काम निघालं आणि निघायला उशीर झाला. सहा वाजायला आले होते, थंडीचे दिवस, अंधार पटकन पडतो. एका वळणावर दोन मोटारसायकलवाले थांबलेले दिसले. त्यातल्या एकानं नुसता हात वर केला. बोलला नाही. आम्ही गाड्या बंद केल्या. पुढे रस्त्याच्या कडेला, अगदी डांबराला लागून, तो बसला होता. कोण ते तुम्हाला सांगायला नको. ताडोब्याला लोक पैसे भरून ज्याला बघायला येतात, तो आम्हाला फुकटात दिसला आणि माझ्या हातापायांतलं बळ गेलं. उघड्या स्कूटीवर माणसाला लपायला काही म्हणजे काही नसतं. पंचवीस मिनिटं आम्ही पाचजण तसेच उभे होतो. मग तो उठला, अंग ताणलं आणि आपल्या वाटेनं निघून गेला.

घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही. पण आमच्याकडे अशा बातम्या दुधाबरोबर दारात येतात. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. फक्त त्या संध्याकाळपासून साडेपाच वाजले की जपाची माळ घेऊन ओसरीवर येऊन बसायला लागल्या. माझी स्कूटी फाटकात आली की माळ डब्यात ठेवायची आणि आत जायचं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "सूनबाई, घरात पैसे किती हायेत?"

मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत वाघाशी गाठ पडणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं परत आली नाहीत, असं दर उन्हाळ्यात ऐकू येतं. त्यांच्यापुढे माझी भीती ती काय! पण घरात पैसे जमवता येण्यासारखे असताना रोज अंधारात उघड्यावरून यायचं, हे सासूबाईंना पटेना. अशी आमच्या घरात मोटारीची गोष्ट निघाली. हौस म्हणून नाही निघाली, दारं लावता येणारं वाहन हवं म्हणून निघाली. हे एवढं मी मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढे सगळा हिशेब यावरच बेतला आहे.

तशी मोटारीची हौस आपल्या मध्यमवर्गाला जुनीच. माझ्या लहानपणी कॉलनीत एकाच घरी मारुती ८०० होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्या मोटारीची पहिली चावी दिली गेली आणि पन्नास हजारांच्या आत मोटार मिळते हे लोकांना पहिल्यांदा कळलं. त्याआधी फियाट नाहीतर अँबेसिडर, आणि त्यांच्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. कॉलनीतलं कुठलंही लग्न असो, वरात त्याच लाल मारुतीतून निघे. मग २००९ मध्ये टाटांची नॅनो आली. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि पोरं भिजत चाललेली पाहून ती गाडी सुचली, असं रतन टाटा सांगत. ती पुढे फारशी चालली नाही, २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण ज्या चित्रावरून ती सुचली ते चित्र आमच्या रस्त्यावर आजही रोज दिसतं.

असो. घरात विषय निघाला मात्र आणि जो तो तज्ज्ञ झाला! आमच्या ह्यांचं म्हणणं, घ्यायची तर उंच, रुबाबदार घ्यावी, "भाऊजींकडे आहे तशी." मुलगा नागपूरला शिकतो. तो रोज फोनवर चित्रफिती पाठवायचा. तिच्यात छताला खिडकी, पुढे टीव्हीएवढा पडदा. लेक बारावीत, तिचा एकच प्रश्न, "रंग कोणता?" शेजारच्या काकू फाटकावर हात ठेवून विचारून गेल्या, "गाडी घेऊन राहिले म्हणे? मग मंडईले नाटक पाहाले आमालेबी न्या जी!" दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्र रात्र नाटकं चालतात, तेव्हा ही मागणी काही वावगी नव्हती. पण बघा, गाडी दारात यायच्या आधीच तिच्यातल्या जागा वाटल्या गेल्या होत्या.

मी काय केलं, घरखर्चाची वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं: "या गाडीत रोज कोण बसणार? कुठे जाणार? किती खर्च झेपणार?" मैत्रिणींनो, गाडी बघायला जायच्या आधी हे तीन प्रश्न घरी बसून लिहून काढा. तिथे गेल्यावर डोळे दिपतात आणि मग डोकं चालत नाही.

आधी पैशांचं सांगते. आमच्याजवळ माझी भिशी, मोडलेली एक ठेव आणि थोडी इकडची तिकडची शिल्लक मिळून तीन लाख जमत होते. साडेतीन लाख कर्ज काढायचं. म्हणजे सगळं धरून साडेसहा लाखांची मर्यादा. ही मर्यादा मी वहीत लाल शाईनं लिहिली आणि ह्यांची खाली सही घेतली! तुम्ही हसाल, पण त्या सहीनं मला पुढे तीन वेळा वाचवलं.

कर्जात एक गंमत असते, ती नीट समजून घ्या. साडेतीन लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ७,२६५ रुपये पडतो. तेच सात वर्षांत फेडायचं तर ५,६३० च्या आसपास. ऐकायला सात वर्षंच बरी वाटतात ना? पण पाच वर्षांत व्याज जातं सुमारे ८६,००० आणि सात वर्षांत १,२३,०००. म्हणजे हप्ता कमी करून घेण्याची किंमत सदतीस हजार रुपये! आम्ही पाच वर्षं धरली. हप्ता जमवायला मी नव्या साड्या आणि ह्यांनी नवा मोबाईल वर्षभर पुढे ढकलला.

दुसरी गोष्ट, जाहिरातीत लिहिलेली किंमत ही गाडीची किंमत नव्हेच. तिच्यावर आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के रस्ता कर लागतो. साडेपाच लाखांच्या गाडीला साठ हजार इथेच गेले. शिवाय विमा. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यात नोंदणी, नंबरप्लेट आणि किरकोळ खर्च. म्हणून "रस्त्यावर येईपर्यंत किती?" हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

तिसरं, पेट्रोल. माझं रोजचं जाणं-येणं छत्तीस किलोमीटर, महिन्याला आठशे धरा. कंपनी सांगते तो ॲव्हरेज चाचणीच्या जागी मोजलेला असतो. आपल्या रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून, लिटरला अठरा मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे महिन्याला चव्वेचाळीस-पंचेचाळीस लिटर, एकशे पाचच्या भावानं साधारण ४,७००. स्कूटीला लागायचे १,९००. हा वाढीव अठ्ठावीसशेचा खड्डा कुठून भरणार, हा माझ्यापुढे खराच प्रश्न होता. तो सुटला माझ्या दोघी मैत्रिणींमुळे. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही गाडी चालवा, आम्ही आळीपाळीनं टाकी भरू." भाडं नव्हे हं, भागीदारी. डबे जसे वाटून खातो तसं.

आता रस्ता. आमची वाट म्हणजे काही मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग नाही. गावागावांत गतिरोधक, आणि तेही गावकऱ्यांनी आपल्या हिमतीनं घातलेले! पावसाळ्यात कडेचा भाग खचतो. तेव्हा गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे हे आधी बघायचं ठरवलं. हा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. लहान गाड्यांत तो साधारण १६० पासून १८० च्या वरपर्यंत असतो. पण हा मोजलेला असतो बहुधा रिकाम्या गाडीचा! चार माणसं आणि मागे तांदळाचा कट्टा ठेवला की गाडी खाली बसते. म्हणून मी काय केलं सांगू? गाडी चालवून बघायला गेलो तेव्हा घरून पंचवीस किलोचा कट्टा बरोबर नेला. तिथला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हटलं, "दादा, आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं परत जात नाही. गाडीला हे ओझं रोजचंच आहे."

या लहान गाडीला हॅचबॅक म्हणतात, म्हणजे जिला मागे वेगळी डिकी नसते. मागचं अख्खं दारच काचेसकट वर उघडतं. मला ही रचना फार आवडली. मागची सीट पाडली की शिलाई मशीनसुद्धा आत जातं. पण सीट उभी असताना जागा किती, ते मोजून बघा. लिटरच्या आकड्यावरून आपल्याला काही कळत नाही. एक कट्टा, एक बॅग आणि एक पाण्याचा जार मावतो का, ते बघावं.

उन्हाचंही सांगायला हवं. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. तेव्हा थंड हवेचं यंत्र ही इथे चैन नाही. पण ते बघायचं कसं? सकाळी नऊ वाजता कुठलीही गाडी थंड होते. आम्ही मुद्दाम एप्रिलमध्ये, भर दुपारी दोन वाजता गेलो. गाडी उन्हात उभी करायला लावली, मग चौघं आत बसलो आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला गार वारा किती वेळात लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. रंगाचा निकालही तिथेच लागला. लेकीला गडद निळा हवा होता, तिनं उन्हातल्या काळ्या गाडीच्या दाराला हात लावून पाहिला आणि मुकाट्यानं "पांढरा" म्हणाली.

सीएनजीचाही विचार झाला. स्वस्त पडतो, पण माझ्या शाळेच्या वाटेवर पंप नाही, आणि पुष्कळ गाड्यांत त्याची टाकी मागची जागा खाते. काही गाड्यांत हल्ली दोन लहान टाक्या तळाशी बसवतात, ज्यांच्या गावात पंप आहे त्यांनी त्या जरूर बघाव्यात. डिझेलची लहान गाडी तर २०२० पासून बाजारातून जवळजवळ गेलीच. विजेवरची गाडी मनात भरली होती, पण ती आमच्या लाल शाईच्या पलीकडे जात होती. म्हणून पेट्रोल.

इतकं सगळं झाल्यावर वहीत दोन गाड्या उरल्या. आणि इथे खरी अडचण आली.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखतात. एका बुटक्या गाडीत त्या बसल्या खऱ्या, पण उठताना दोघांनी ओढून काढावं लागलं. वॅगन आर मात्र उंच बांधणीची. तिच्यात त्या खुर्चीवर बसावं तशा बसल्या, आणि उतरल्याही आपल्या आपण. ह्यांना वाटलं, झालं, ठरलं! किंमत बसत होती, मागे जागाही चांगली मोठी होती. मीसुद्धा मनातून सुटकेचा श्वास सोडला.

त्या रात्री मुलानं फोन केला. नेहमीसारखी चित्रफीत पाठवली नाही. म्हणाला, "आई, गाडी मजबूत किती, याची चाचणी होते. ती बघितलीस का?" मी कुठली बघते! मग त्यानं समजावून सांगितलं. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था नवी गाडी ठरावीक वेगानं अडथळ्यावर आदळवते, आत माणसाएवढे पुतळे बसवलेले असतात, आणि त्यांना किती मार बसतो त्यावरून तारे देते. पाच तारे म्हणजे उत्तम. आपल्या सरकारनंही १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या नावानं अशी चाचणी सुरू केली आहे. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी वॅगन आरला एक तारा मिळाला होता. आमच्या यादीतली दुसरी गाडी टियागो. तिला जानेवारी २०२० मध्ये चार तारे मिळाले होते.

पण टियागोची बैठक त्या मानानं खाली. एकीकडे सासूबाईंचे गुडघे आणि दुसरीकडे चार तारे. सांगा, काय करायचं?

दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. ह्यांचं म्हणणं, "आपण काय शंभरच्या वेगानं जाणार आहोत का?" तेही खोटं नव्हतं. पण आमच्या रस्त्यावर रानडुकरांचा कळप नाहीतर चितळ कधी आडवं येईल याचा नेम नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा वेगही आपल्या हातात नाही. माझ्या गाडीत रोज दोन घरच्या दोन बाया बसणार होत्या. त्यांची पोरं संध्याकाळी वाट बघतात. हे माझ्या मनातून जाईना. आणि सासूबाईंना "तुमच्या गुडघ्यांपेक्षा तारे महत्त्वाचे" असं कुठल्या तोंडानं सांगू?

सांगावं लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते. त्या येऊन शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मले समदं ऐकू येते वं. म्हातारी झाली, बहिरी नाई झाली. मी त्या गाडीत महिन्यातून दोन डाव बसीन. तू रोज बसशीन. पोरगी उद्या शिकली का ते बसन. मंग गाडी कोनाच्या मापाची घ्याची?" मी काही बोलू शकले नाही. मेथीची जुडी तशीच हातात राहिली. त्या उठता उठता म्हणाल्या, "अन् बसाचं कसं ते मी पायतो."

आणि त्यांनी खरंच ते शोधून काढलं! पुढची डावीकडची सीट पूर्ण मागे सरकवायची. गाडीकडे पाठ करून आधी नुसतं बसायचं, पाय बाहेर ठेवून. मग दोन्ही पाय एकदम उचलून आत वळायचं. सीटवर एक गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की अंग सहज वळतं. वळल्यावर पिशवी मात्र आठवणीनं काढून घ्यायची, नाहीतर गाडी थांबताना माणूस पुढे घसरतो. उतरताना हेच उलटं. ज्यांच्या घरी गुडघ्यांचा त्रास असलेलं माणूस आहे त्यांनी ही युक्ती करून बघा, गाडी कुठलीही असो.

आता ठरलं म्हणून लगेच घेतली असं नाही. पावसाळा गेला आणि सप्टेंबरमध्ये बातमी आली की लहान मोटारींवरचा वस्तू आणि सेवा कर कमी होणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा अधिभारही गेला. त्याच दिवशी घटस्थापना होती. आमची थांबण्याची चिकाटी अशी कामी आली. ह्यांना तेवढ्यात पुन्हा उंच गाडीची आठवण झाली, "आता तीही बसेल बघ!" मी वही उघडून सही दाखवली.

गाडीच्या दुकानातला अनुभव मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच असेल. तिथला गृहस्थ सगळी माहिती ह्यांना "सर, सर" करून सांगायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही रंग बघून घ्या." मी म्हटलं, "रंग पाहून झाला. आता किमतीचा कागद दाखवा." कागदावर 'हाताळणी खर्च' म्हणून काही हजार लावलेले. हाताळणी कसली? उत्तर आलं नाही, ती ओळ मात्र गेली. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं काही नसतं. बाहेरून दोन ठिकाणचे दर काढून नेले, तेव्हा त्यांचाही दर उतरला. सीटची कव्हरं, चकचकीत पट्ट्या, रंगावरचा मुलामा यांना सरळ नको म्हटलं. कव्हरं मीच शिवली. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दिवसाउजेडी चारी बाजूंनी बघितली, ती कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारून घेतलं, जादा चाक आणि जॅक जागेवर आहे का ते पाहिलं. जंगलात चाक बसलं तर रात्री कोण येणार?

दसऱ्याला गाडी घरी आली. वरून दुसऱ्या नव्हे, खालून दुसऱ्या दर्जाची. पडदा लहान, छताला खिडकी नाही. एम.एच. ३४ नंबरची, माझ्या नावावर.

पण गाडी आली म्हणजे सगळं झालं असं नाही, ती चालवायची कुणी? मी सत्तेचाळीस वर्षांची. शिकाऊ परवाना मी उन्हाळ्यातच काढला होता. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मला मात्र तीन महिने लागले. पहिल्या दिवशी गाडी इतके गचके खात गेली की शिकवणारे गुरुजी म्हणाले, "बाई, क्लच म्हणजे पोळी लाटण्यासारखा, हळूच दाब सोडायचा." मग जमलं! हे शेजारी बसले की अजूनही त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, तिकडे ब्रेक नसताना. मी बघून न बघितल्यासारखं करते.

घरातला एक नियम मात्र मी पक्का केला आहे. गाडीत बसलं की पट्टा, पुढे काय आणि मागे काय. मागच्या सीटवरही पट्टा लावायला कायदा सांगतो, पण आपण लावत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मोटार भारी होती, पण ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. चार तारे आपल्या घरी पट्ट्याशिवाय उपयोगाचे नाहीत, हे मी सासूबाईंनाही समजावलं. त्या पट्ट्याला "तोरण" म्हणतात आणि न सांगता लावतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून तुमचं भलं झालं ना? झालं. पण मागच्या डिसेंबरातली एक गोष्ट सांगून थांबते. तेच वळण, तीच वेळ. पुढे तीन मोटारसायकली उभ्या. एकावर नवराबायको, मध्ये लहान पोर. तसाच वर केलेला हात. आम्ही काचा बंद करून आत होतो, दारं लावलेली. मला पुढे निघून जाता आलं असतं. मी काच चार बोटं खाली केली आणि त्यांना म्हटलं, "माझ्या मागे मागे या, जवळ राहा." पुढचे दिवे लावून वीसच्या वेगानं मी निघाले, ते तिघं माझ्या मागच्या लाल दिव्यांना धरून. गाव लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी आम्हाला काही दिसलं नाही. गावात शिरल्यावर त्या बाईनं फक्त हात हलवला. हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आमची गाडी तुम्हीही घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमचा रस्ता वेगळा, तुमच्या घरचे गुडघे वेगळे, तुमची लाल शाई वेगळी. पण वही मात्र काढा, आणि सही घ्यायला विसरू नका.

सासूबाई अजूनही साडेपाचला ओसरीवर येऊन बसतात. फक्त आता हातात माळ नसते, भाजीची जुडी असते. मी फाटकात गाडी वळवते तोवर त्यांची निम्मी निवडून झालेली असते.